मांडव्याच्या बोटीतून कुरव आणि गादे

गेटवेहून मांडव्याला जाताना उजव्या कठड्याची जागा धरा. सकाळी ऊन डावीकडून येतं. दुपारी परतताना बोटीचं तोंड फिरलेलं असतं, त्यामुळे ऊन पुन्हा डावीकडेच. त्या बाजूचे पक्षी म्हणजे नुसत्या काळ्या आकृत्या.

नोव्हेंबर ते मार्च बोटीमागे कुरवांचा, म्हणजे सीगलचा, थवा असतो. दोन जाती सर्रास मिसळलेल्या असतात, तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा. हिवाळ्यात दोघांचंही डोकं पांढरं आणि कानामागे एक काळा ठिपका, त्यामुळे नावावरून ओळखायला गेलात की फसलात. पंख बघा. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखाचं टोक चांगलं रुंद काळं आणि त्यात पांढरे ठिपके; बुबुळ फिकट. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड टोकाकडे पांढरीशुभ्र, काळं फक्त मागच्या काठाला. डोळा गडद, चोच बारीक. पिल्लावस्थेतून नुकत्या बाहेर पडलेल्या तपकिरी कुरवाला मात्र ते पांढरे ठिपके नसतात आणि डोळाही गडद असतो. तिथे घाई नको.

शेव-गाठी, वेफर फेकू नका, कृपा करून. तळलेलं आणि खारट हे त्यांचं अन्न नव्हे.

दुर्बीण ८×४२ पुरे. १०× मध्ये इंजिनाची थरथर जास्त जाणवते. कोपर कठड्यावर टेकवू नका, छातीशी धरा. कठड्यातूनच हादरे हातात येतात.

डॉल्फिनसाठी, म्हणजे आपल्या गाद्यासाठी, सकाळची पहिली फेरी. दुपारी वारा उठतो, लाटांवर पांढरे तुरे आले की त्याच्या पाठीवरचा पर (फिन) दिसणं अवघड. मागे नव्हे, नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, दोन्ही अंगांना नजर फिरवत ठेवा. इथला हम्पबॅक डॉल्फिन वर येताना आधी लांब चोच काढतो, मग पाठीचा उंचवटा आणि त्यावर बसलेला छोटा पर. पाणी गढूळ, त्यामुळे पृष्ठभागाखाली काहीच दिसत नाही.

पर नसलेली करडी, गुळगुळीत पाठ क्षणभर वळून शिंतोडाही न उडवता गेली, तर तो फिनलेस पॉरपॉइज, डॉल्फिनचा बिनपराचा नातलग. पाणी आरशासारखं असेल तरच सापडतो. गादा बुडाला की त्याच जागेकडे टक लावू नका, तो ज्या दिशेने चालला होता तिकडे पुढे बघा. बऱ्याचदा एखाद्या मिनिटात तिथेच वर येतो.