तुम्ही विचारलंत म्हणून: गॅलरीतलं सोलर

"जर्मनीत म्हणे गॅलरीच्या कठड्याला पॅनल टांगतात, पिन सॉकेटमध्ये घालतात आणि बिल कमी. तुम्ही तसं का नाही केलं?" भाच्यानं विचारलं, वरच्या काकूंनी विचारलं, चहाच्या गाडीवर तर कुणी ना कुणी विचारतंच.

तिकडचं खरं आहे. 2024 पासून तिथं 800 वॅटपर्यंतचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरच्या विजेसारखी करणारा डबा, असा लावता येतो. पण हा इन्व्हर्टर चालतो लाईनच्या विजेवर ताल धरून. लाईट गेली की तोही क्षणात बंद. व्हायलाच पाहिजे, नाहीतर आपली वीज उलटी जाऊन खांबावरच्या वायरमनला बसायची. म्हणजे टळटळीत उन्हात, पॅनल असून, पंखा बंद! 2019च्या महापुरात कोल्हापुरात आमच्या गल्लीत पाणी शिरलं नाही, पण लाईट गेली ती गेलीच. मला सोलर हवं होतं ते तसल्या दिवसांसाठी.

शिवाय मीटर. आपल्याकडच्या बऱ्याच मीटरांना उलटी वीज कळत नाही. बाहेर गेलेलं युनिटही ती वापरातच धरतात. वीज द्यायची आपण आणि बिलही भरायचं आपणच. बिलच कमी करायचं असेल तर सरळ सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेतून छतावर सोलर आणि नेट मीटर (बाहेर गेलेली वीज बिलातून वजा करणारं) घ्या, 3 किलोवॅटला 78 हजार अनुदान आहे. लाईट गेल्यावर मात्र बॅटरीशिवाय तेही बंदच.

मी लावलंय ते साधं: 165 वॅटचं एक पॅनल, चार्ज कंट्रोलर (पॅनलमधून बॅटरी नीट, बेतानं भरणारा) आणि घरच्या इन्व्हर्टरची 150 एएचची बॅटरी. अँगलचा सांगाडा उद्यमनगरातून वेल्डिंग करून आणला. तोंड दक्षिणेला, उतार साधारण 17 अंश, कारण तो गावाच्या अक्षांशाएवढा ठेवतात आणि कोल्हापूरचा जवळपास तेवढाच. वळवाच्या वाऱ्याच्या भीतीनं बोल्ट चार जास्तच मारले. चांगल्या उन्हात दिवसाला अर्धं-पाऊण युनिट. आकडा ऐकून लोकांची तोंडं पडतात. पण एलईडी ट्यूब, बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा आणि राउटर मिळून साठेक वॅट. सात-आठ तास निघतात. फ्रीजचं नाव काढायचं नाही.

"मामा, पण महापूर येतो पावसाळ्यात. तेव्हा ऊन कुठलं?" भाचा परवा हसत म्हणाला. बरोबर आहे त्याचं. जुलैत बॅटरी लाईनवरच भरून ठेवतो. ढगातून मोबाईल आणि एक दिवा निघेल एवढं येतं. 2019त तेवढंही नव्हतं.