शेरू घरी आला

लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांच्या माळेला घाबरून आमचा शेरू फाटकाच्या फटीतून निसटला. आपल्याला २०,००० हर्ट्झपर्यंतचंच ऐकू येतं, कुत्र्यांना त्याच्या दुपटीपर्यंत. काय झालं असेल त्याच्या कानांत! दोन दिवस घरात कुणाला घास गोड लागला नाही.

गल्लीतल्या पोरांनी मात्र दिवाळी बाजूला ठेवून सायकलींवर लातूरची अख्खी गंजगोलाई बाजारपेठ पालथी घातली. गोलाईला १६ रस्ते मिळतात, ते त्यांनी आपापसांत वाटून घेतले. दूधवाल्या मामांनी रतीब घालताना दारोदार फोटो दाखवला.

आज सकाळी त्यांचाच फोन. "ताई, भुसार दुकानामागं पोत्यांत बसलंय बगा, गळ्यात लाल पट्टा हाय."

धावत गेले. हाक मारली तरी आधी हलेना. मग माझ्या हाताचा वास घेतला आणि थरथरत मांडीत शिरला. पंजे चिखलानं भरलेले, कानामागं गोचीड. तिथल्या हमालभाऊंनी दोन्ही रात्री त्याला भाकरी कुस्करून घातली होती. पैसे देऊ केले तर त्यांनी हात जोडले, "मुकं जनावर हाय ताई, त्याचे कसले पैसे?"

पट्ट्यावर आज फोन नंबर घालून घेतला. आधीच घालायला हवा होता. शेजारच्या काकू आत्ता त्याच्यासाठी दूधभाकरी घेऊन आल्यात.