बावीस फोटो

आठवडा झाला तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. मी नाशिक जिल्ह्यातल्या एका शाळेत नववी-दहावीला मीडिया अँड एंटरटेनमेंट शिकवतो, व्यवसाय शिक्षणातला विषय आहे, त्यात ॲनिमेशन असतं. शाळेत मात्र मी म्हणजे फोटोग्राफर. झेंडावंदन, साहेबांची भेट, कुणाचा निरोप समारंभ, "सर, तुमची पोरं पाठवा शूटिंगला". मला याचा खरंच राग येतो, पोरांचे तास त्यातच जातात.

नववीचा पहिला प्रोजेक्ट स्टॉप मोशन, म्हणजे वस्तू थोडी थोडी हलवत एकेक फोटो काढायचा आणि ते जोडून हालचाल दाखवायची. सुरुवातीला मी फाळक्यांची गोष्ट सांगतो. १९१३ चा राजा हरिश्चंद्र सगळ्यांना पाठ असतो, पण त्याच्या आधी त्यांनी कुंडीत वाटाणा लावून थोडं थोडं शूट करत रोप वाढताना दाखवलं होतं, हे कुणाला माहीत नसतं. आणि माणूस आपल्या त्र्यंबकेश्वरचा म्हटलं की मागच्या बाकावरची पोरंपण सरळ बसतात.

यंदा चौघांनी पोळ्याचा बैल घेतला. बैल चालत येतो, चिखलात बसतो, उठतो, जातो. तीस सेकंद, सेकंदाला बारा फोटो, म्हणजे तीनशे साठ. नुसत्या मातीचे पाय दुसऱ्याच दिवशी तडकले, मग एकानं स्लॅबच्या कामावरची बाइंडिंग वायर आणली, ती आत घातल्यावर बैल उभा राहिला. मोबाइल दोन विटांच्या मधे रबरानं बांधलेला, बटण दाबलं तरी हलतो म्हणून फोटो इअरफोनच्या व्हॉल्यूम बटणानं काढायचे, फोकस आणि एक्स्पोजर लॉक, खिडकीला गोणपाट. तरी फ्लिकर, म्हणजे फोटोगणिक उजेड कमीजास्त होणं, येतच होता, दोन दिवस डोकं खाल्लं, शेवटी कळलं की माझा पांढरा शर्ट बैलावर उजेड फेकतोय. त्या दिवसापासून लॅबमधे काळा टी-शर्ट. पस्तीस मिनिटांच्या तासात वीसेक फोटो निघतात, सेट तसाच ठेवायचा आणि झाडायला येणाऱ्या मामांना हात जोडून सांगायचं की या टेबलाला धक्का नको. मामांनी एकदाही लावला नाही, स्टाफरूममधल्या लोकांपेक्षा मामांना त्या बैलाची जास्त किंमत होती.

प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री मी फ्रेमा तपासायला बसलो. बैल उठतो तिथं बावीस फोटोंत हात आलेला. नवीन पोरांचं हे नेहमीचं, हात बाजूला घ्यायच्या आधीच क्लिक होतं. मी बावीसच्या बावीस डिलीट केले आणि व्हिडिओ एक्स्पोर्ट केला. पोरांना विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले, बघितलं, "इथं जंप आहे" म्हणाले आणि मार्क कापले. फॉर्मवर सफाईचा रकाना आहे, गोष्टीचा नाही, त्यामुळे त्यांनी पोरांना एक प्रश्नसुद्धा विचारला नाही.

ज्याचा हात होता तो पोरगा वर्गात फारसा बोलत नाही. सगळे गेल्यावर आला. "सर, हात काढला का तुम्ही?"

मी म्हटलं, "अरे, चुकून आला होता ना."

"नाही सर. गाळात बसलेला बैल आपोआप कसा उठंल? उठवायला लागतो ना."

मी ॲपमधे शोधलं, काहीच राहिलं नव्हतं. दोन सेकंदसुद्धा नाहीत ते, पण हात आत येतो, पोटाखाली जातो, बैलाला उभा करतो आणि निघून जातो, हे त्यानं बावीस वेळा थांबून थांबून केलं होतं. मला ती चूक वाटली कारण मी चुकाच शोधायला बसलो होतो.

त्याची माफी मागितली, चौघांचीपण मागितली. मार्क बदलत नाहीत, विचारून बघितलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर परत शूट केलं. मधल्या दिवसांत बैलाचं एक शिंग मोडलं होतं, मी म्हटलं चिकटवू, तर तो म्हणाला, "राहू द्या." आता त्या बावीस फोटोंत बैलाला एकच शिंग आहे, पुढच्या फोटोत परत दोन. मी कशालाही हात लावलेला नाही.