गाडी किती चालवायची, तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नाच्या पंगतीत, पेट्रोल पंपावर, धुळ्याच्या एखाद्या व्यापाऱ्याचा सरकीच्या भावासाठी फोन आला तरी शेवटी गाडी या प्रश्नावर येतेच. "शेठ, एवढी स्पोर्ट्स कार घेतली, पण चालवायची किती? जास्त चालवली की भाव पडतो म्हणतात." गेल्या वर्षभरात दोन तरुण मुलांनीही हेच विचारलं. दोघांनी जुनी स्पोर्ट्स कार घेतली आहे, एक भुसावळचा, एक शिरपूरचा. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

उत्तर आधीच देऊन टाकतो. दहा दिवसांतून एकदा तरी गाडी बाहेर काढा, आणि काढली की चाळीस-पन्नास किलोमीटरच्या आत परत आणू नका. महिन्यातून एकदा लांबचा फेरा करा. माझी गाडी वर्षाला सहा-सात हजार किलोमीटर धावते आणि तेवढं तिला मानवतं. हे शिकायला मला दोन वर्षं लागली आणि त्या दोन वर्षांत गाडीचं नुकसान मीच केलं.

गाडी पोर्शेची ७१८ केमन, २०१८ सालची. दोन माणसांची, दोन लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन, ३०० हॉर्सपॉवर. इंजिन पाठीमागे, सीटच्या लगेच मागे बसवलेलं. २०२० च्या जानेवारीत पुण्याहून आणली तेव्हा मीटरवर नऊ हजार किलोमीटर होते. आमच्या जळगावात पैसा झाला की माणूस सोनं घेतो आणि लॉकरमध्ये ठेवतो. मी गाडीही तशीच ठेवली. धरणगावजवळ आमचं जिनिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. तिथे एक पक्कं शेड आहे, चोवीस तास वॉचमन असतो. तिथे तीन थरांचं कव्हर घालून ती उभी केली. लॉकडाऊन आला, मग कापसाचा सीझन आला, मग पाऊस. दोन वर्षांत गाडी चालली जेमतेम चौदाशे किलोमीटर, आणि हा आकडा मी लोकांना कौतुकाने सांगायचो.

२०२१ च्या दसऱ्याला पूजेसाठी कव्हर काढलं तर गाडी मेलेली. रिमोटला दाद नाही, दिवा नाही, काही नाही. या गाडीची बॅटरी पुढच्या डिकीत असते आणि ती डिकी उघडते विजेवर. म्हणजे बॅटरी उतरली तर बॅटरीपर्यंत पोचायलाही बॅटरी लागते. याची सोय पायाजवळच्या फ्यूज बॉक्समध्ये केलेली असते. तिथली लाल पिन बाहेर ओढायची, दुसऱ्या बॅटरीची वायर तिला लावून तात्पुरता करंट द्यायचा, मग डिकीची कळ सुटते. पुस्तिकेत सगळं लिहिलं होतं, फक्त मी ते कधी वाचलं नव्हतं. हातात हळद-कुंकवाचं ताट धरून आई बाजूला उभी, मी जमिनीवर पालथा पडून पिन शोधतोय आणि ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन पोरगा येतोय.

डिकी उघडली, आणि काचेखालच्या जाळीत एसीच्या फिल्टरपाशी पांढरा गोळा दिसला. बाहेर काढला तर नारळाएवढं उंदराचं घरटं. आमच्याच जिनचा कापूस, त्यात अर्धवट कुरतडलेल्या सरक्या. शेजारच्या एका वायरीचं आवरण इंचभर सोललेलं होतं. तांब्याच्या तारा शाबूत होत्या म्हणून थोडक्यात निभावलं.

तेवढ्यात आमचे फिटर आप्पा आले. चाळीस वर्षं त्यांनी आमच्याकडे डबल रोलर जिन चालवल्या. टायरला अंगठ्याने दाबत ते एवढंच म्हणाले, "शेठ, मशीन उभी राहिनी म्हंजे बसनी." उभी राहिली की बिघडली.

हे मला कळायला हवं होतं. आमचा धंदाच सहा महिने यंत्र चालवण्याचा आणि सहा महिने बंद ठेवण्याचा. सीझनमध्ये दिवसरात्र चालणारी जिन कुरकुरत नाही. ऑक्टोबरमध्ये, चार-सहा महिने उभी राहून पहिल्यांदा फिरवताना ती त्रास देते. बेअरिंगमधलं ग्रीस थिजलेलं असतं, पट्टा एका जागी वळण घेऊन बसलेला असतो, जिथे रंग उडालाय तिथे गंज धरलेला असतो. जिनिंगमध्ये जे मी दरवर्षी बघत होतो ते शेडमधल्या गाडीला लागू पडेल हे माझ्या डोक्यात आलं नाही, कारण ती मला यंत्र वाटतच नव्हती. ती मला सोनं वाटत होती.

सोनं पेटीत दोनशे वर्षं ठेवा, सोनंच राहतं. गाडीचं तसं नाही. ती बंद असली तरी अलार्म, कुलूप, रिमोटची वाट बघणारं यंत्र असं काही ना काही बॅटरीतून थेंब थेंब वीज ओढतच असतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात शेडच्या पत्र्याखाली बॅटरी आपली आपणही लवकर उतरते, आणि बराच काळ उतरलेली राहिली की तिच्या प्लेटांवर खडा धरतो. मग ती चार्ज होते, पण पूर्वीसारखी टिकत नाही. गाडीचं सगळं वजन टायरच्या तळहाताएवढ्या एकाच भागावर महिनोन्‌महिने राहतं आणि तो भाग चपटा होतो. त्या दिवशी साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरत होतं, पंचवीस-तीस किलोमीटरनंतर रबर तापलं तेव्हा कुठे कमी झालं. ब्रेकच्या डिस्कवर पॅडच्या आकाराचा तांबूस छाप उमटला होता. पेट्रोलही शिळं होतं. आता तर पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. टाकीत तेच पेट्रोल चार-सहा महिने पडून राहू देणं बरं नाही.

"मग मी दर रविवारी स्टार्ट करून दहा मिनिटं चालू ठेवतो," असं शिरपूरचा मुलगा म्हणाला. बरेच जण हेच करतात, आणि काळजीपोटी करतात. पण कृपा करून हे थांबवा. नुसती उभी ठेवण्यापेक्षा हे वाईट आहे. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. इंजिन गार असेल तर त्या वाफेचं पाणी होऊन ते आत ऑइलमध्ये उतरतं, सायलेन्सरमध्ये साचतं. गार इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये जातं. हे सगळं उडून जायला ऑइल चांगलं तापावं लागतं, आणि जागेवर उभं राहून दहा मिनिटांत ते तापत नाही. माझ्या गाडीत पाण्याचं आणि ऑइलचं तापमान वेगवेगळं दिसतं. डिसेंबरच्या सकाळी, जळगावला दहा-अकरा डिग्री असताना, पाणी पाच-सात मिनिटांत नव्वदवर पोचतं. ऑइल तेव्हा पन्नासवर रेंगाळत असतं. ते ऐंशीच्या वर जायला चालत्या गाडीत पंधरा-वीस मिनिटं लागतात. तोवर मी तीन हजार आरपीएमच्या वर जात नाही, मागचा ट्रक कितीही हॉर्न वाजवो. ऐंशी ओलांडल्यावर अर्धा तास तरी गाडी धावली पाहिजे. चाळीस-पन्नास किलोमीटरचा हिशेब इथून आला.

म्हणूनच रोज तीन किलोमीटरवर बाजारात नेणंही चुकीचं. जळगावात आकाशवाणी चौकापासून इच्छादेवी चौकापर्यंतची रोजची रखडपट्टी हा काही व्यायाम नाही. आणि नवरदेवासाठी गाडी मागायला येतात त्यांना मी हात जोडून नाही म्हणतो. बॅंडच्या मागे दोन तास पहिल्या गिअरमध्ये, मे महिन्याच्या संध्याकाळी, वर फटाके. नात्यातले दोघे-तिघे त्यावरून रुसलेही, पण माझा नाइलाज आहे.

आता भावाचं. किलोमीटर वाढले की पुनर्विक्रीची किंमत उतरते, हे खरंच आहे, खोटं सांगणार नाही. पण न चालवता ती टिकते हे मात्र खरं नाही. विम्याची आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनी गाडीची जी किंमत धरते ती, काढतात वर्षांवर. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, एक वर्षापर्यंत १५, मग २०, ३०, ४०, आणि पाचव्या वर्षाअखेर ५० टक्के. त्या तक्त्यात किलोमीटरचा रकाना नाही. आरटीओची नोंदणी १५ वर्षांची, ती गाडी उभी असतानाही संपत येते. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. माझ्या पहिल्या टायरवर ०४१८ होतं, म्हणजे २०१८ चा चौथा आठवडा. नक्षी जवळपास नव्यासारखी होती, पण २०२३ मध्ये बाजूच्या भिंतीवर केसासारख्या चिरा दिसल्या आणि चारही बदलावे लागले. मागचे टायर २६५ रुंदीचे आहेत, किंमत काय असेल याची कल्पना करा. पहिली दोन वर्षं न चालवता मी ते वाचवले नाहीत, नुसते म्हातारे केले. इंजिन ऑइलही तसंच. गाडी हजार चालो की दहा हजार, ते वर्षाला बदलायचं. आज मला कुणी जुनी स्पोर्ट्स कार दाखवली आणि मीटरवर सात वर्षांत आठ हजार किलोमीटर असतील, तर मी खूश होत नाही. ती कुठल्या शेडमध्ये उभी होती ते विचारतो.

चालवायची कुठे, हा खानदेशातला खरा प्रश्न. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसवर गेला की मी पहाटे पाचला निघतो आणि आठला घरी. हवा आदल्या रात्री, टायर गार असताना तपासायची, ऊन लागल्यावरचा आकडा फसवा असतो. पावसाळ्यात रस्त्यापेक्षा शेताला जास्त घाबरा. ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते आणि पहिल्या सरीत तिचा साबण होतो. रुंद टायर त्यावर काहीच धरत नाहीत. यावल-रावेरकडे केळीचे ट्रक भरताना सांडलेली पानंही तशीच. गावातले गतिरोधक बिनरंगाचे असतात, त्यामुळे अनोळखी गावात मी गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवतो आणि गतिरोधक तिरका घेतो.

आणि महिन्यातला तो एक लांबचा फेरा. माझा ठरलेला आहे, एरंडोल, भडगाव, चाळीसगाव आणि औट्रम घाट. चाळीसगाव येईपर्यंत इंजिन, गिअरबॉक्स, टायर सगळं तापलेलं असतं. २०२१ च्या ऑगस्टमधल्या अतिवृष्टीत या घाटात दरडी कोसळल्या होत्या, त्यामुळे पावसाळ्यात तिकडे फिरकत नाही. हिवाळ्यात मात्र पहाटे घाट मोकळा असतो. दुसरा-तिसरा गिअर, वळणाआधी ब्रेक, वळणात पाय स्थिर, वळण संपताना हळू हळू गॅस. वेग साधाच असतो, मोटारसायकलवाला सहज मागे टाकून जाईल. पण वजन मध्ये असलेली ही गाडी वळणात कशी वागते ते साठच्या वेगालाही हाताला कळतं. स्टिअरिंग जड होतं, मग हलकं होतं, आणि खालचा रस्ता कोरडा आहे की दवाने ओला ते तळहाताला समजतं. वर कन्नडच्या बाजूला गाडी थांबवतो. इंजिन बंद केल्यावर मागून टिक-टिक आवाज येत राहतो, तापलेला धातू आकसत असतो. शेडमध्ये उभ्या गाडीतून हा आवाज मी दोन वर्षांत एकदाही ऐकला नव्हता.

मीटर आता साडेछत्तीस हजारांवर आहे. पुढच्या बंपरच्या खालच्या कडेला दोन ओरखडे आहेत, काचेवर खडीचा एक तीळ आहे. आधी असं काही झालं की दोन दिवस जेवण गोड लागायचं नाही.

भाच्याच्या लग्नाआधी घरातलं जुनं सोनं वजनाला नेलं होतं. लॉकरमधला चपलाहार पावतीइतकाच भरला. आईच्या रोजच्या पाटल्या सव्वा ग्रॅम कमी भरल्या. सराफाने काटा दोनदा बघितला. आई म्हणाली, "पन्नास वर्षं भाकरी थापल्या या हातांनी, झिजणारच की." आणि तिथेच परत हातात घातल्या. हार शेवटचा कुणी, कोणाच्या लग्नात घातला होता, ते तिलाही आठवेना.

त्या दिवशी तिला केमनमध्ये बसवून पद्मालयाच्या गणपतीला नेलं. सीट खूप खाली, त्यामुळे आधी बसायचं आणि मग पाय आत घ्यायचे, हे तिला एकदा सांगावं लागलं. डोंगरातल्या रस्त्यावर प्रत्येक वळणाला पाटल्या दाराच्या मुठीवर किणकिणत होत्या. परत येताना तिने मीटरकडे बोट दाखवून किती झाले ते विचारलं. मी सांगितलं. "मग पुढच्या चतुर्थीला परत येऊ," ती म्हणाली.