खोक्यावरचे आकडे आणि सभागृहातला अंधार : कॅमकॉर्डर निवडताना

मला कॅमकॉर्डर दोन कामांसाठी हवा होता. नागपूरच्या रेशीमबागेतल्या कविवर्य सुरेश भट सभागृहातले दोन-दोन तासांचे गाण्याचे कार्यक्रम, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी मारबतीची मिरवणूक. पहिलं काम अंधारातलं, लांबून, ट्रायपॉडवरचं. दुसरं उजेडातलं, गर्दीतलं, कॅमेरा हातात धरून. हे कागदावर लिहून काढल्यावरच दुकानांत गेलो.

सीताबर्डीत पहिलं वाक्य ठरलेलं. "भाऊ, अडीचशे पट झूम आहे, अजून काय पाह्यजे?" हे डिजिटल झूम. त्यात मधला तुकडा कापून ताणतात, चेहऱ्याचे चौकोन होतात. ते मेनूत जाऊन बंदच करायचं. ऑप्टिकल, म्हणजे लेन्सचा खरा झूमसुद्धा नुसता 'किती पट' म्हणून पाहू नये, लेन्स कुठून सुरू होते तेही पाहावं. सोनी एएक्स४३ ची लेन्स ३५ मिमी फिल्मच्या हिशेबात २६.८ मिमीपासून २० पट, म्हणजे ५३६ मिमी. एएक्स७०० ची २९ पासून १२ पट, म्हणजे ३४८ मिमी. आता अंतराला ३६ ने (त्या फिल्मच्या चौकटीची रुंदी, मिमीत) गुणून या आकड्याने भागा, चौकटीची रुंदी मिळते. ३० मीटरवरून पहिल्यात २ मीटर, दुसऱ्यात ३.१ मीटर. गायक आणि दोन्ही बाजूंचे साथीदार ३.१ मीटरमध्ये बसतात. म्हणजे माझ्या कामाला १२ पट पुरत होतं.

झूमपेक्षा मी जास्त वेळ सेन्सरवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपवर घालवला. एएक्स७०० मधला '१ इंच' सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिमी असतो, नाव फसवं आहे. तरी एएक्स४३ मधल्या १/२.५ इंचीपेक्षा त्याचं क्षेत्रफळ सुमारे साडेचार पट भरतं, आणि कमी उजेडात हाच फरक दिसतो. झूम पूर्ण ताणला की लेन्सचं तोंडही लहान होतं. एएक्स७०० मध्ये एफ २.८ चं एफ ४.५ होतं (एफचा आकडा मोठा, तर तोंड लहान), म्हणजे प्रकाश निम्म्याहूनही कमी. दुकानात झगझगीत दिवे असतात, तिथे कुठलाही कॅमेरा छानच दिसतो. म्हणून काउंटरखालच्या अंधाऱ्या कप्प्यात काळं कापड ठेवून, झूम ताणून, गेन (अंधारात चित्र उजळवणारी सेटिंग) १८ ते २४ डीबीवर नेऊन शूट करून पाहिलं. काळ्यात रंगीत मुंग्या वळवळल्या की तो कॅमेरा सभागृहाच्या कामाचा नाही.

पुढची अडचण विजेची. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेम आणि १/५० किंवा १/१०० सेकंदाचं शटर. बाहेरून आणलेल्या काही कॅमेऱ्यांत फक्त ६० असतं. स्वस्त पडतो, पण ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं. काही मॉडेलांत मेनूमध्ये ६०आय/५०आय बदलता येतं. ते पैसे देण्याआधी स्वतः बदलून पाहावं, दुकानदाराच्या "होते न" वर राहू नये. मंचावरचे एलईडी दिवे मंद केले की १/५० वरही आडवे पट्टे येऊ शकतात. तिथे शटर थोडं थोडं बदलत जुळवावं लागतं.

आवाजाबद्दल दुकानात कुणी बोलत नाही, आणि रेकॉर्डिंग बिघडतं ते बहुतेक तिथेच. माइकचं ३.५ मिमी भोक, हेडफोनचं भोक आणि आवाजाची पातळी हाताने ठरवायची सोय, तिन्ही हवीच. पातळी ऑटोवर राहिली की आलाप संथ असताना पंख्याची घरघर वर येते आणि टाळ्या पडल्या की पुढचे सूर दबतात. सभागृहाच्या साउंड मिक्सरची लाइन आउट वायर थेट माइकच्या भोकात घातली तर आवाज फाटतो, कारण लाइनचा सिग्नल माइकच्या कितीतरी पट मोठा. मध्ये सिग्नल कमी करणारा २५ ते ४० डीबीचा ॲटेन्युएटर लावावा. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइकही चालू ठेवून वेगळा ट्रॅक घेता आला तर उत्तमच.

कार्डाचा हिशेब सोपा. १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट) तासाला ४५ जीबी, दोन तासांना ९०, म्हणून १२८ जीबीचं व्ही३० वेगाचं कार्ड. नकली कार्ड आधी गुपचूप चालतं आणि मध्येच थांबतं. म्हणून स्वतःचं कार्ड नेऊन दुकानातच दहा मिनिटं सलग 4के शूट केलं. फोटोच्या बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांत अर्ध्या तासाला रेकॉर्डिंग तुटतं, कॅमकॉर्डरचा मोठा फायदा हाच की ते चालत राहतं. एएक्स७०० मध्ये दोन कार्डं बसतात, एक भरलं की दुसरं आपोआप सुरू होतं.

उन्हातल्या कामाला डोळा लावायचा व्ह्यूफाइंडर लागतो, नुसत्या पडद्यावर भर दुपारी आपलंच तोंड दिसतं. एएक्स४३ मध्ये तो नाही, एएक्स५३ मध्ये आहे. प्रकाश कमी करणारा आतला एनडी फिल्टरही हवा, नाहीतर शटर १/५० ठेवता येत नाही आणि चालणारी माणसं झटके खाताना दिसतात. बऱ्याच कॅमकॉर्डरांची वापराच्या तापमानाची मर्यादा ४० अंश असते. मे महिन्यात नागपूरचा पारा त्याच्या वर जातो, म्हणून बंद गाडीत कॅमेरा ठेवणं सोडाच, काळी बॅगही सावलीत हवी.

शेवटी १ इंची सेन्सरचा एएक्स७०० घेतला. हातात धरून चालताना एएक्स४३ आणि एएक्स५३ चं स्थिरीकरण सरस, कारण त्यात अख्खा लेन्सचा ठोकळाच तरंगता असतो. ती उणीव मी पत्करली. मारबतीत चालत चालत शूट करत नाही. गल्लीच्या तोंडाशी पायरीवर उभं राहायचं, कोपरं बरगड्यांना टेकवायची, लेन्स २९ वर ठेवायची आणि मिरवणूक पुढ्यातून जाऊ द्यायची.