कोपऱ्यावरचं करी हाऊस

शुक्रवार, रात्र

पुण्याहून इथे बर्मिंगहॅमला आलेल्या आतेभावाला आज कोपऱ्यावरच्या करी हाऊसमध्ये जेवायला नेलं. मेन्यूत धनसाक दिसलं तसा तो खूश झाला आणि त्याने तेच मागवलं. लहानपणी दादरला पारशी कॉलनीला लागून राहिलेला माणूस, त्याच्या डोक्यात रविवारचं धनसाक: मटण, भोपळा आणि डाळी एकजीव झालेल्या, सोबत ब्राऊन राइस आणि कचुंबर. समोर आली ती मसूर घातलेली, आंबटगोड आणि झणझणीत चिकन करी, वर अननसाची फोड. "हे धनसाक नाही," तो म्हणाला. मग जेवण संपेपर्यंत एकेका पदार्थाचा पंचनामा सुरू. कोर्मा इतका गोड कसा, विंदालूत बटाटा कुठून आला, आणि मद्रास नावाची करी मद्रासला कुणी बघितली तरी आहे का.

त्याचं काहीच खोटं नव्हतं. तरी मला वाईट वाटलं, खरं सांगायचं तर रागच आला. तो आता झोपलाय आणि मी लिहीत बसलोय.

बर्मिंगहॅमच्या या टोकाला आल्यापासून मी तिथे जेवतोय. बाल्टीवाल्यांचा (बाल्टी म्हणजे पातळ कढईत करून त्यातच वाढतात ती करी) नावाजलेला भाग शहराच्या दुसऱ्या बाजूला, तो मामला वेगळा. हे आमचं आपलं वस्तीतलं दुकान. लाल गालिचा मधोमध झिजलेला, टेबलांवर कागदी रुमाल, दारूचा परवाना नाही म्हणून लोक बिअर बरोबर घेऊन येतात. बसल्याबरोबर पापड येतात आणि चार वाट्यांचं स्टीलचं तबक: बारीक चिरलेला कांदा, आंब्याची गोड चटणी, पुदिन्याचं दही, लिंबाचं लोणचं. इथे पापड जेवणाच्या आधी खातात, हातांनी मोडून, गप्पा मारत. भिंतीजवळच्या टेबलावर एक इंग्रज आजोबा एकटे बसतात. त्यांना मेन्यू कुणी देत नाही, त्यांचा लँब भुना आपोआप येतो.

एकदा मला आतल्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बघू दिलं होतं. सगळ्याचा पाया म्हणजे एक भलंमोठं पातेलं. त्यात ढीगभर कांदा, थोडं गाजर, ढोबळी मिरची, आलं-लसूण, तेल आणि हळद-धणे-जिरे, असं दुपारभर मऊ शिजवून गुळगुळीत वाटलेलं. याला ते बेस ग्रेव्ही म्हणतात. नुसती चाखली तर मिळमिळीत लागते. चिकन आणि मटण वेगळं शिजवून तयार असतं. ऑर्डर आली की पातळ ॲल्युमिनियमचा लांब दांड्याचा पॅन मोठ्या आचेवर चढतो. तेलात आलं-लसूण, मग मसाल्याची पूड, पाण्यात कालवलेली टोमॅटो प्युरी, त्यावर गरम ग्रेव्हीचा एक डाव. रस्सा उसळून पॅनच्या कडांना चिकटतो, करपायच्या बेतात येतो, आणि नेमक्या त्या क्षणी आचारी चमच्याने तो खरवडून पुन्हा आत ओढतो. दुसरा डाव, पुन्हा उकळी, पुन्हा खरवडणं. तेल बाजूने सुटलं की उतरवायचं. दहा मिनिटंही लागत नाहीत. त्या खरवडण्यातच सगळी चव आहे. घरी मी कितीही केलं तरी ती येत नाही, कारण घरच्या शेगडीला तेवढी आचच नसते.

एकाच पातेल्यातून कोर्मा निघतो, भुना निघतो, मद्रास, विंदालू आणि त्याहून तिखट फाल निघतो. आठ जण जेवायला बसलेत, आठांच्या आठ फर्माइशी, आणि सगळ्यांची ताटं एकदम टेबलावर. याला नक्कल कसं म्हणायचं? कोकणी, वऱ्हाडी, तशी ही ब्रिटनमधली स्वयंपाकाची एक रीत आहे, आणि ती इथल्याच हातांनी घडवलेली आहे.

हात सिलेटचे, म्हणजे बांगलादेशाच्या ईशान्य भागातले. बाहेर पाटीवर 'इंडियन' लिहिलेलं असलं तरी या देशातली अशी बहुतेक हॉटेलं बांगलादेशी लोकांची, त्यातही सिलेटवाल्यांची. पूर्वी त्यांची माणसं कलकत्त्याहून ब्रिटिश जहाजांवर खलाशी म्हणून जात, इंजिनखोलीत कोळसा ओढायचं काम करत. काही जण लंडनच्या गोदीत उतरले आणि परत चढलेच नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी पडकी कॅफे आणि मासे-चिप्सची दुकानं घेतली. मासे-चिप्स चालूच ठेवले, बाजूला करी-भात ठेवला, आणि पब बंद झाल्यावरही दुकान उघडं ठेवलं. रात्री उशिरा भुकेलेल्या गिऱ्हाइकाच्या जिभेप्रमाणे पदार्थ बदलत गेले. तशी पहिली सुरुवात खूप जुनी आहे. पाटण्याच्या दीन महोमेदने १८१० साली लंडनमध्ये हिंदुस्तानी जेवणाचं कॉफी हाऊस काढलं होतं, दोनच वर्षांत त्याचं दिवाळं निघालं. आणि २००१ मध्ये परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी भाषणात चिकन टिक्का मसाल्याला ब्रिटनची खरी राष्ट्रीय डिश म्हटलं. एवढा पल्ला गाठला तो या खलाशांच्या आणि त्यांच्या मागून आलेल्या मुला-पुतण्यांच्या जिवावर.

दुकानाचे मालक, आमचे चाचा (सगळी गल्ली त्यांना चाचाच म्हणते) यांनी भावाची कुरकुर ऐकली असावी. काही न बोलता आत गेले आणि एक वाटी घेऊन आले. नोकरमंडळींचं जेवण होतं ते. हाडासकट मटण, पातळ रस्सा, त्यात शातकोऱ्याच्या जाड सालीचे तुकडे. शातकोरा हे सिलेटकडचं लिंबू, रस कमी आणि सालच जास्त, शिजल्यावर किंचित कडसर लागतं आणि वास मात्र हातावर सकाळपर्यंत राहतो. भावाने दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "चाचा, ये बेचो ना! ये असली है."

चाचा शांतपणे म्हणाले, "ये मेरी माँ का है. मद्रास मेरा है. दोनों असली है."

मग त्यांनी भावाला मद्रास चाखायला लावला. त्याला तो फारसा आवडला नाही, हेही लिहून ठेवतो. पण चाचांच्या त्या वाक्यात मला जे म्हणायचं होतं ते सगळं आलं. माणसाने परक्या मुलखात, परक्यांच्या जिभेसाठी, आयुष्य घालून एक पदार्थ बसवला असेल तर तो त्याचाच.

काळजी वेगळीच आहे. चाचांची मुलगी फार्मसिस्ट आहे, मुलगा अकाउंटंट. दोघांनी लहानपणी इथेच पापड मोजत अभ्यास केला आणि दोघं या धंद्यात येणार नाहीत. येऊ नयेत म्हणून तर चाचांनी रात्री जागवल्या. सिलेटहून आचारी आणावा म्हटलं तर २०२४ च्या एप्रिलमध्ये कुशल कामगाराच्या व्हिसासाठी सर्वसाधारण अट वर्षाला ३८,७०० पाउंड पगाराची झाली होती, आणि २०२५ च्या जुलैपासून ती आणखी कडक झाली. वस्तीतल्या छोट्या हॉटेलाला हे कुठून परवडणार! अशी कितीतरी दुकानं बंद पडलेली मी जाता-येता बघतो. काचेवर जुना मेन्यू तसाच चिकटलेला असतो. पुस्तकात सापडतात त्या घरी करायच्या कृती. मोठ्या पातेल्याचा अंदाज, आच, खरवडायची वेळ हे त्या आचाऱ्यांच्या हातात आहे, आणि बहुतेकांनी ते कधी कागदावर उतरवलेलं नाही.

निघताना मी विचारलं, "चाचा, ग्रेव्ही बनवताना मी येऊन सगळं लिहून घेऊ का? मापासकट?" त्यांनी जरा वेळ माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, सोमवारी दुपारी दोनला ये, पण नुसतं लिहायला येऊ नकोस, कांदे सोलायला बस, म्हणजे कळेल. आणि जुने कपडे घालून ये.

सोमवारची अर्धी रजा टाकली आहे. भावाला विचारलं तर तोही येतो म्हणाला.