घडी बारावर पडली

मी गणिताची. चाळीसगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला शिकवते. एक कबुली आधीच देऊन टाकते: चित्रकलेचे तास मी आजवर किती पळवले, याचा हिशेब नाही. दहावीचा पोर्शन राहिला की आमच्या चित्रकलेच्या सरांकडे जायचं आणि "सर, आजचा तास देता का?" म्हणायचं. सर देतात. एकदाच म्हणाले होते, "मॅडम, आमच्या चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेलाही कर्तव्यभूमिती असते बरं का." मी हसण्यावारी नेलं.

२२ डिसेंबर, राष्ट्रीय गणित दिवस. दरवर्षी रामानुजनचा फोटो, हार, दोन भाषणं. यंदा भिंतीवर मोठं चित्र हवं असं ठरलं आणि विषय मी सुचवला, भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणिताच्या जुन्या ग्रंथातला मोर आणि साप. पाटणादेवी आम्हाला जवळ. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला, हे पाटणच्या देवळातल्या शके ११२८ च्या शिलालेखात लिहिलंय, आणि लेखाचा शेवटचा भाग तर जुन्या मराठीत आहे. आमची पोरं दरवर्षी सहलीला तिथे जातात, माकडं बघून, डबे खाऊन परत येतात. (मीही तेच करते.)

गणित असं: नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय. खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. खांबाच्या तिप्पट अंतरावरून, म्हणजे २७ हातांवरून, साप बिळाकडे निघालाय. मोर त्याच्यावर तिरका झेपावतो. दोघं सारखंच अंतर कापून भेटतात. बिळापासून किती हातांवर?

सर चित्र काढायला तयार झाले, पण म्हणाले, "आधी पोरांना दिसू तर द्या." म्हणून शनिवारी सकाळच्या शाळेत नववीला मैदानावर नेलं. फक्कीने खांब आडवाच आखला. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. मोर झाला वर्गातला सगळ्यात उंच मुलगा, साप झाली पहिल्या बाकावरची बुटकी मुलगी. कुठे भेटतील? बहुतेक सगळ्यांनी मधोमध बोट दाखवलं, साडेतेरावर. मी म्हटलं, नाही, बारावर. सारख्या पावलांनी, पावलं मोजत दोघं निघाले. साप बारा हातांच्या खुणेवर येऊन उभा राहिला तरी मोर वाटेतच.

पोरं खिदळली. मी घामाघूम. मग लक्षात आलं, खांब आखला होता उंच मुलाने स्वतःच्या हातांनी, आणि सत्तावीस हात मोजले होते बुटक्या मुलीने. दोन हात, दोन मापं. एकक सारखं हवं हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. मैदानावर मीच विसरले.

उन्हं चढली म्हणून सगळे चित्रकलेच्या खोलीत आलो. सरांनी कागद वाटले. एका हाताला एक सेंटिमीटर धरा म्हणाले. खालच्या कडेजवळ २७ सेंटिमीटरची रेघ, तिच्या एका टोकाला ९ सेंटिमीटरचा खांब. साधा ए-फोर कागद, बरोबर मावलं. मोर उतरायची वाट काढा म्हटल्यावर अर्ध्या वर्गाने ती वळणदार काढली. मी ओरडले, "सरळ रेघ!" तर बामणदरीकडून येणारी एक मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, मोर असा काठीसारखा नाही उतरत. आमच्या वावरात रोज येतात." सर गालातल्या गालात हसले.

तेवढ्यात मागच्या बाकावरून अहिराणीत आवाज आला, "सर, आठे भेटतीन." म्हणजे, इथे भेटतील.

गणितात याला जेमतेम पास करून आम्ही नववीत आणलेला. त्याने पट्टी धरली नव्हती, आकडेमोड केली नव्हती. कागदाची घडी घातली होती. खांबाच्या टोकावरचा मोर सापाच्या जागेवर नेऊन टेकवला आणि घडी दाबली. ती चुण जमिनीच्या रेघेला जिथे छेदत होती, तिथे पेन्सिलीने टिंब. मी पट्टी लावली. बिळापासून बारा सेंटिमीटर. पुन्हा लावली. बाराच.

"असं का केलंस रे?"

"दोन्हीस्ले सारखंच चालनं शे ना? मंग मोर सापवर ठेवी दिधा."

मागच्याच महिन्यात सरांनी पोरांकडून फुलपाखरं करून घेतली होती. कागदाच्या एका बाजूला ओला रंग, घडी, दाब, दोन्ही पंख सारखे. त्याच्या डोक्यात तेच होतं: घडीवरच्या जागेपासून दोन्हीकडचं अंतर सारखं. हे लंबदुभाजकाचं प्रमेय. मी याच वर्गाला शिकवलं होतं, पक्ष, साध्य, सिद्धता, सगळं. त्याच्या वहीत ते कोरं होतं. नंतर मुद्दाम पाहिलं.

सर म्हणाले, "मॅडम, घडी माझ्या तासाची. पण ती बारावरच का पडली, ते तुम्ही सांगा."

मग फळा माझा. मोर आणि भेटीची जागा यांतलं अंतर म्हणजे कर्ण. नऊचा वर्ग ८१, बाराचा १४४, बेरीज २२५, मूळ १५. साप चालला सत्तावीस वजा बारा, पंधराच. भास्कराचार्यांची रीत तर याहून आखूड: खांबाच्या वर्गाला अंतराने भागा, ३ आले. ते २७ मधून वजा करा, २४. निम्मे, १२. कागदावर घडी समोर असल्यामुळे असेल, पण त्या दिवशी "मॅडम, हे कशाला?" असं कोणी विचारलं नाही. नंतर मैदानावर एकाच मुलीच्या हाताने सगळं पुन्हा आखलं. मोर आणि साप बाराच्या खुणेवर एकमेकांना धडकले.

सोमवारी भिंतीवरच्या चित्रावरून आमचं जुंपलं. सरांना मोर वळण घेत उतरताना हवा होता, मला सरळ. शेवटी रंगात वळण आणि त्याखाली पेन्सिलीची तुटक सरळ रेघ, तिच्यावर '१५', असं ठरलं. पोरांना ते पसंत पडलं. बामणदरीची मुलगी मात्र चित्रासमोरून हलेना.

"मॅडम, खरा मोर वळणाने आला तर वाट लांबते ना? मग साप आणखी पुढे जाणार. बिळाच्या जवळ. वाचेल का तो?"

मधल्या सुट्टीत सरांनी दोऱ्याचं रीळ काढलं. ते वळणावर दोरा बसवत होते, मी पट्टीवर मोजत होते. चौथा तास चित्रकलेचा होता, तो मी मागितला नाही.